मोनेरो पहिल्यांदा घेताना: खरी अडचण मधल्या पल्ल्याची

खासगीपणा जपणारे क्रिप्टो नाणे कसे घ्यावे यावरचे बहुतेक लेख एक्स्चेंजवर, म्हणजे अशी नाणी विकत देणाऱ्या साइटवर, खाते उघडण्यातच अर्धे पान घालवतात. खाते कोणालाही उघडता येते. पैसे अडकतात ते त्यानंतर, म्हणजे रक्कम एक्स्चेंजबाहेर पडल्यापासून ती स्वतःच्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या चाव्या आपल्याकडे ठेवणाऱ्या ॲपमध्ये) वापरण्याजोगी होईपर्यंत. त्यामुळे खाते, ओळखपत्र, दुहेरी पडताळणी आणि आपल्या देशात हे नाणे घ्यायची मुभा आहे याची खात्री, हे सगळे झाले आहे असे धरून पुढे जाऊ.

नाणे कोणते घ्यायचे? मोनेरो. झीकॅशचे तंत्र उत्तम आहे, पण त्यात उघडे आणि झाकलेले असे दोन्ही पत्ते असतात आणि बरीच एक्स्चेंज ‘टी’ने सुरू होणाऱ्या उघड्या पत्त्यावरच नाणी पाठवतात. ती तुम्ही आपणहून झाकलेल्या पत्त्यावर हलवली नाहीत, तर व्यवहार बिटकॉइनइतकाच उघडा राहतो. डॅश या नाण्यातही माग लपवण्यासाठी नाणी मिसळणे ऐच्छिक. मोनेरोत पाठवणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी प्रत्येक व्यवहारात झाकलेल्याच असतात, काही निवडावे लागत नाही. नवख्याला चुकायला जिथे कमी वाव, तिथून सुरुवात करावी.

‘रॅप्ड मोनेरो’ नावाचे, दुसऱ्या ब्लॉकचेनवरचे टोकन किंवा फक्त भाव दाखवणारे आणि नाणे बाहेर काढू न देणारे ॲप म्हणजे मोनेरो नव्हे. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आधी वॉलेट, मग पैसे

संगणकावर फेदर किंवा मोनेरोचे अधिकृत जीयूआय, मोबाइलवर केक वॉलेट, अँड्रॉइडवर मोनेरुजोही चालेल. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून वॉलेट उतरवू नका. नकली साइट नेमक्या तिथेच असतात. अधिकृत वॉलेटचा पत्ता गेटमोनेरो डॉट ऑर्ग. संगणकावर उतरवलेल्या फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा तिचा ठसा) साइटवर दिलेल्या सहीबंद यादीशी जुळवा. हा अतिशहाणपणा वाटत असेल तर नोव्हेंबर २०१९ आठवा: खुद्द अधिकृत साइटवरच काही काळ कमांड लाइन वॉलेटच्या जागी नाणी चोरणारी फाइल होती, आणि हॅश जुळत नाही हे एका वापरकर्त्याने पाहिले म्हणून ते उघडकीला आले.

वॉलेट तयार होताना सीडचे शब्द, म्हणजे वॉलेट परत उभे करायची गुरुकिल्ली, मिळतात. जुन्या पद्धतीत २५, पॉलीसीड या नव्या पद्धतीत १६. कागदावर लिहा, स्क्रीनशॉट नको, क्लाउडवरच्या नोट्स नकोत. २५ शब्दांचे सीड असेल तर सोबत वॉलेट बनवल्याची तारीख किंवा रिस्टोअर हाइट, म्हणजे त्या वेळच्या ब्लॉकचा (व्यवहारांच्या नोंदवहीतल्या पानाचा) क्रमांक, हेही लिहा. पॉलीसीडमध्ये ही तारीख शब्दांतच दडलेली असते. पर्याय मिळाला तर पॉलीसीड घ्या.

वॉलेट रिकामे आहे तोवरच ते एकदा पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभे करा. मुख्य पत्ता आधीचाच आला तर कागद बरोबर. हे काम पैसे आल्यावर करायची कोणाची छाती होत नाही, म्हणून ते आधीच उरकायचे.

मोनेरो थेट मिळत असेल तर

नशीबवान आहात. बायनान्स आणि ओकेएक्सने २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकले, त्याच वर्षी क्रॅकेनने युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरते बंद केले. युरोपीय संघात तर १० जुलै २०२७ पासून नियंत्रित सेवांना अशी नाणी हाताळताच येणार नाहीत. तुमच्या एक्स्चेंजवर एक्सएमआर (मोनेरोचे संक्षिप्त नाव) अजून मिळत असेल, तर खरेदीआधी त्याचे विथड्रॉवल, म्हणजे नाणी बाहेर काढणे, चालू आहे ना ते पाहा. ‘देखभालीसाठी बंद’ अशी पाटी असेल तर घेऊ नका. ती पाटी कधी निघेल हे तुमच्या हातात नसते. चालू असेल तर घ्या, आधी थोडे आणि मग उरलेले स्वतःच्या वॉलेटवर पाठवा, आणि पुढचा भाग सोडून थेट ‘शिल्लक शून्य दिसते’ इथे या.

थेट मिळत नसेल तर: स्वॅप

घोडे पेंड खाते ते इथे. साध्या शब्दांत सांगायचे तर एक्स्चेंजवर दुसरे नाणे घ्यायचे, ते स्वॅप सेवेकडे पाठवायचे आणि तिच्याकडून मोनेरो आपल्या पत्त्यावर घ्यायचे. प्रत्येक टप्प्यावर एक छोटीशी रिकामी चौकट भरायची असते, आणि चुकीची भरली तर कोणी थांबवत नाही.

मधले नाणे म्हणून लाइटकॉइन घ्या. त्याचा ब्लॉक साधारण अडीच मिनिटांनी येतो, फी नगण्य असते आणि मुख्य म्हणजे नेटवर्क निवडायची भानगड नाही. यूएसडीटी (डॉलरशी बांधलेले नाणे) घेतले की ते ट्रॉनवर पाठवायचे की इथेरियमवर हा प्रश्न येतो, स्वॅपवाल्याने एक मागितलेले असते आणि एक्स्चेंज दुसरे सुचवत असते. चुकीच्या नेटवर्कवर गेलेले पैसे परत मिळवणे म्हणजे आठवडाभर ईमेल लिहीत बसणे, तेही समोरच्याची इच्छा असेल तर. बिटकॉइन चालते, पण गर्दीच्या दिवशी फी आणि वेळ दोन्ही वाढतात.

आता सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला: ‘एक्स्चेंजवरून सरळ स्वॅपच्या पत्त्यावर पाठवा.’ पाठवू नका. आधी स्वतःच्या लाइटकॉइन वॉलेटवर काढा (केक वॉलेटमध्ये लाइटकॉइनही ठेवता येते) आणि तिथून स्वॅपला पाठवा. एक पायरी वाढते, थोडी फी वाढते आणि तीन दुखणी टळतात.

पहिले दुखणे रिफंड पत्त्याचे. स्वॅप काही कारणाने फसला तर सेवा लाइटकॉइन परत पाठवते, तुम्ही दिलेल्या रिफंड पत्त्यावर. लोक ही चौकट रिकामी सोडतात किंवा एक्स्चेंजचा पत्ता टाकतात. एक्स्चेंजवरून पैसे ज्या पत्त्यावरून निघतात तो तुमचा नसतो, त्यांच्या सामाईक गल्ल्याचा असतो. रिफंड तिकडे गेला तर तो तुमच्या नावावर जमा होईल याची खात्री नाही. स्वतःच्या वॉलेटचा पत्ता असला की प्रश्नच मिटतो.

दुसरे दुखणे रकमेचे. स्वॅपने नेमके २ एलटीसी (लाइटकॉइन) मागितले आणि तुम्ही एक्स्चेंजवर २ लिहिले, तर बऱ्याच ठिकाणी विथड्रॉवल फी त्यातूनच कापली जाते आणि पोहोचतात २ पेक्षा थोडे कमी. ठरलेल्या दराच्या स्वॅपमध्ये रक्कम जुळली नाही की ऑर्डर अडकते. आपल्या वॉलेटवरून पाठवताना फी वेगळी जाते, समोर पूर्ण रक्कम पोहोचते.

तिसरे वेळेचे. ठरलेला दर थोड्या मिनिटांपुरताच टिकतो. एक्स्चेंज मात्र विथड्रॉवल कधी तपासणीसाठी तासभर धरून ठेवते, तर नव्या खात्यावर पैसे भरल्यावर काही दिवस बाहेर काढूच देत नाही. दराची मुदत संपल्यावर पोहोचलेल्या रकमेचे काय करायचे हे मग स्वॅपवाला ठरवणार. म्हणून लाइटकॉइन हातात आल्याशिवाय स्वॅपची ऑर्डर उघडायचीच नाही.

दर ठरलेला घ्यावा की तरता? छोट्या रकमेला तरता बरा. त्यात पैसे पोहोचतात त्या वेळचा भाव लागतो, कपात कमी असते आणि रक्कम किंवा वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी ऑर्डर मोडत नाही. ठरलेल्या दरात सेवा भावाच्या चढउताराची जोखीम घेते आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच वसूल करते. ‘शून्य फी’ या शब्दांकडे लक्ष देऊ नका. हातात किती एक्सएमआर पडणार तो आकडा आणि बाजारभाव, एवढीच तुलना करा. बाजारापेक्षा दोन-तीन टक्के कमी मिळत असेल तर घ्या. पाच टक्के जात असतील तर दुसरी सेवा बघा.

काही स्वॅप सेवा पैसे पोहोचल्यावर ते रोखतात आणि ओळखपत्र मागतात. ‘नोंदणीची गरज नाही’ ही पाटी नोंदणीपुरतीच खरी असते. ट्रोकॅडोरसारख्या दर जुळवून दाखवणाऱ्या साइटवर प्रत्येक सेवेला ए ते डी अशी श्रेणी असते, त्यावरून कोण मध्येच अडवण्याची शक्यता जास्त हे कळते. डी दिसले तर दर कितीही गोड असो, पुढे जा. आणि एक्स्चेंजवरच्या खरेदीची पावती जपून ठेवा, कारण रक्कम अडकली तर पैसे कुठून आले हे दाखवायला तीच उपयोगी पडते.

ऑर्डर भरताना ‘घेणारा पत्ता’ या चौकटीत मोनेरो वॉलेटमधला नवा उपपत्ता (त्याच वॉलेटचा आणखी एक पत्ता) टाका. मोनेरोचा पत्ता ९५ अक्षरांचा असतो. मुख्य पत्ता ४ ने आणि उपपत्ता ८ ने सुरू होतो. पेस्ट केल्यावर पहिली सहा, शेवटची सहा आणि मधली चार-पाच अक्षरे डोळ्यांनी जुळवा. क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, आणि नुसती सुरुवात पाहून ते पकडले जातीलच असे नाही. ‘पेमेंट आयडी’ची चौकट दिसली तर रिकामी ठेवा. ती जुन्या पद्धतीतली आहे, जुने लेख मात्र अजून ती भरायला सांगतात.

आता स्वॅप सेवेच्या किमान मर्यादेच्या किंचित वरची रक्कम पाठवा. बरोबर किमान नको, भाव हलला की ती मर्यादेखाली जाते आणि पैसे लटकतात. पाठवण्याआधी ऑर्डर क्रमांक आणि त्या पानाची लिंक लिहून ठेवा. खाते नसल्यामुळे तुमची ओळख म्हणजे तो क्रमांकच. हा छोटा स्वॅप पूर्ण होऊन मोनेरो दिसले की मगच उरलेली रक्कम, नवी ऑर्डर आणि नवा उपपत्ता घेऊन. पहिल्या ऑर्डरच्या पत्त्यावर पुन्हा पाठवू नका.

स्वॅपवाल्यावर विश्वासच नको असेल तर बिटकॉइन आणि मोनेरो यांचा ॲटॉमिक स्वॅप (मध्यस्थाविना अदलाबदल) आहे, पण त्यात संगणक पूर्ण वेळ चालू ठेवावा लागतो. माणसामाणसांत थेट सौद्यासाठी हॅवेनो आहे. तिथे बहुतेक सौद्यांना अनामत म्हणून मोनेरोच लागते, म्हणजे पहिल्या खरेदीला काही उपयोग नाही.

शिल्लक शून्य दिसते

घाबरून सीड कोणत्याही ‘सपोर्ट’वाल्याला देऊ नका. आधी पाहा, वॉलेट सिंक झाले आहे का, म्हणजे नेटवर्कच्या ताज्या ब्लॉकपर्यंत पोहोचले आहे का. मोनेरोत तुमची नाणी कोणती हे नोड (नोंदवही ठेवणारा, वॉलेट ज्याच्याशी जोडले जाते तो संगणक) सांगू शकत नाही. वॉलेटलाच एकेक ब्लॉक चाळून ती ओळखावी लागतात. खालच्या पट्टीतला ब्लॉक क्रमांक नेटवर्कच्या ताज्या क्रमांकाशी जुळत नसेल तर थांबा, किंवा नोड बदला, कारण मागे पडलेला नोड असला की वॉलेटही तिथेच अडते. क्रमांक जुळतो आणि तरी शून्यच, तर रिस्टोअर हाइट नाणी आली त्याच्या पुढची पडली असावी. ती मागे घ्या आणि पुन्हा स्कॅन करा.

रक्कम दिसते पण खर्च होत नाही? ती कुलूपबंद आहे. आलेली नाणी १० ब्लॉकनंतर मोकळी होतात आणि ब्लॉक सरासरी २ मिनिटांनी येतो, म्हणजे सुमारे वीस मिनिटे. पुढे तुम्ही काही खर्च केलात की उरलेली मोडही तेवढाच वेळ अडकते.

स्वॅपवाला ‘पाठवले’ म्हणतो आणि वॉलेट नाही म्हणते, तेव्हा एक्सप्लोररमध्ये (व्यवहार शोधायच्या साइटवर) आपला पत्ता शोधत बसू नका. मोनेरोत पत्ता शोधून काही सापडतच नाही, खासगीपणा तो हाच. त्याच्याकडून ट्रान्झॅक्शन आयडी (व्यवहाराचा क्रमांक) आणि ट्रान्झॅक्शन की (तो व्यवहार कोणाला गेला याचा पुरावा देणारी किल्ली), दोन्ही मागा. ही दोन्ही आणि तुमचा पत्ता वॉलेटच्या ‘पेमेंट तपासा’ भागात टाकले की त्या पत्त्यावर किती रक्कम आली ते कळते. रक्कम शून्य निघाली तर पाठवणाऱ्याने दुसराच पत्ता वापरला. नुसता आयडी देऊन बोळवण करू पाहणाऱ्याचे ऐकू नका. आयडीवरून रक्कम दिसत नाही.

नोंदी

एक्स्चेंजला तुम्ही लाइटकॉइन घेतल्याचे माहीत आहे, स्वॅपवाल्याला मोनेरो कोणत्या उपपत्त्यावर गेले हे माहीत आहे. खासगीपणा सुरू होतो तो त्यापुढे. दुसऱ्याचा नोड वापरताना त्याला तुमची शिल्लक दिसत नाही, पण आयपी पत्ता दिसतो. फेदरमध्ये टॉरची (आयपी पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कची) सोय आतच आहे, ती चालू ठेवा. एक नाणे देऊन दुसरे घेणे हा अनेक देशांत विक्रीचाच व्यवहार धरतात आणि त्यावर कर लागतो, तेव्हा दोन्ही टप्प्यांची तारीख, रक्कम आणि त्या दिवसाचा भाव लिहून ठेवा.

आणि सीड कागदावर असले तरी वॉलेटच्या फाइलची एक प्रत वेगळी काढा. सीडवरून नाणी परत येतात. उपपत्त्यांना दिलेली नावे आणि तुम्ही पाठवलेल्या रकमांच्या ट्रान्झॅक्शन की मात्र येत नाहीत. पुढे एखाद्याने ‘तुमचे पैसे आलेच नाहीत’ म्हटले की लागणार ती कीच.