खोडावरचं शेवाळ खरवडायची घाई नको

आश्लेषा लागली की आगरातल्या पोफळी (सुपारीची झाडं), हापूसची जुनी कलमं, जांभ्याचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत), सगळं हिरव्या मखमलीने मढून जातं. आणि मग कोणीतरी कोयती घेऊन खोडं खरवडत सुटतो. शेवाळ झाडाचा रस पितं, अशी समजूत.

नखाने एक पुंजका उचलून बघा. अलगद सुटतो आणि खालची साल जशीच्या तशी असते. या शेवाळाला मुळंच नसतात, नुसते केसासारखे तंतू, तेही धरून राहण्यापुरते. पाणी आणि क्षार ते पावसातून, धुळीतून आपल्या पानांनी घेतं. रस पितं ते बांडगूळ. ते दिसलं तर त्याला फळं धरायच्या आत, चिकटलेल्या जागेच्या थोडं खालून फांदीसकट काढा. कोयतीने खरवडताना मात्र साल दुखावते आणि भर पावसात रोगाला वाट मिळते.

कलमावर शेवाळ फारच दाट असेल तर आत ऊन-वारा पोचत नाही, एवढंच समजा. मधल्या फांद्यांची विरळणी पाऊस ओसरल्यावर करा, कापांना बोर्डो (मोरचूद-चुन्याची) पेस्ट लावा. पोफळीवर कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजून गळते, त्यासाठी) १ टक्का बोर्डो (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) मारताना तो घोसांवर नीट बसू द्या. शेवाळासाठी वेगळी फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. पाडेली (सुपारी पाडणारा) चढतो ती बाजू तेवढी सोडणाने (नारळाच्या सालीने) घासून घ्या. तिथला बुळबुळीत थर बहुतेक पाणशेवाळाचा असतो, आणि माणूस घसरतो तो त्यावरून.

रानातल्या शेवाळाला तर हातही लावू नका. मे महिन्यात कातळावर ते चहाच्या भुकटीसारखं काळपट, मेल्यागत दिसतं. ओंजळभर पाणी शिंपडा, बघता बघता पानं उलगडून हिरवं होतं. हीच गादी पावसाचा मारा झेलते, माती धरते, पाणी सावकाश खाली सोडते. सीतेची वेणी या झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडचं धुळीएवढं बी फांदीवर टिकतं ते अशाच ओलाव्यात. व्हाळाकाठच्या कपारीत शीळकरी कस्तूर घरटं बांधतो, त्यातही शेवाळ असतंच.

हे आत्ता सांगायचं कारण गुटी कलमं, म्हणजे फांदीची साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि झाडावरच मुळं फुटू द्यायची. हंगाम सुरू आहे आणि देवराईतून पोती भरून शेवाळ आणणारे दरवर्षी दिसतात. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाच्या व्याख्येत गवत, वेलींबरोबर मॉसही (म्हणजे हेच शेवाळ) आहे, हे त्यांच्या गावी नसतं. शिवाय गुटीसाठी विकत मिळतं ते स्फॅग्नम वेगळं, सुक्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरणारं. गडग्यावरच्या साध्या शेवाळाला ते जमत नाही.

त्यापेक्षा काथ्याचा भुसा घ्या, आपल्याकडे त्याला तोटा नाही. रात्रभर भिजवा, पाणी बदलून धुवा, घट्ट पिळा. मुठीतून थेंब गळत असेल तर पुन्हा पिळा, नाहीतर साल कुजते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढून त्यावर भुसा बसवा, प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळा. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकमधून मुळं दिसतील. पांढरी असताना कलम उतरवू नका, जरा तपकिरी होऊ द्या.