फायब्रोस्कॅनला जायचंय? मग भरीत-पुरी परत येताना खा

आबांना फॅटी लिव्हर निघालं म्हणून डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी) सांगितला आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर सावद्याहून जळगावला जाता जाता रस्त्यात भरीत-पुरी हाणली, कोणी काही विचारलं पण नाही, कडकपणाचं रीडिंग आलं 9.4 आणि घरात नुसता गोंधळ. आठ दिवसांनी उपाशीपोटी केला तर 6.9. म्हणून लिहितोय भो.

जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त जातं आणि ते तेवढ्यापुरतं कडक लागतं. कमीत कमी 3 तास पोट रिकामं पाहिजे, सकाळचा नंबर लावला की सोपं जातं, चहा-बिस्कीट पण नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, मनानेच उपाशी राहू नका.

तिथे उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात. टिचकी मारल्यासारखा ठोका बसतो, त्याची लहर लिव्हरमधून किती जोरात पळते ते अल्ट्रासाउंड मोजतं, जेवढं कडक तेवढी लहर फास्ट. आपण केळं दाबून कच्चं की पिकलं ते बघतो ना, तसंच, फक्त बोट न लावता. दुखत नाही, रेडिएशन नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. हलू नका, बोलू नका.

पेसमेकर असेल, बाई गरोदर असेल तर आधीच सांगायचं. पोटात पाणी झालं असेल तर लहर पाण्यातून पुढे जात नाही, रीडिंगच येत नाही. नुकतीच कावीळ झालेली असेल किंवा हार्ट कमजोर असेल तर आकडा उगाच वर जातो, तेही सांगा. माणूस अंगाने भारी असेल तर एक्सएल प्रोब आहे का ते फोनवरच विचारून घ्या, नाहीतर फुकट चक्कर.

रिपोर्ट हातात आला की आधी 10 रीडिंग घेतलेत का बघा, मग आयक्यूआर (रीडिंगांमध्ये आपसात किती फरक पडला ते) 30 टक्क्यांच्या आत आहे का. जास्त असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. कडकपणा किलोपास्कलमध्ये असतो, फॅटी लिव्हरवाल्याचा 8 च्या खाली असला तर सहसा घाबरायचं काम नाही. कॅप म्हणून दुसरा मोठा आकडा असतो तो चरबीचा, कडकपणाचा नाही, आमचे एक काका तो 290 बघून रात्रभर झोपले नाहीत!

पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशीनवर करा, तसंच उपाशी, आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.