अस्तर वाढत नाही? गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

आयव्हीएफमध्ये गोठवलेला गर्भ पिशवीत सोडण्याआधी (ट्रान्सफर) गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड व्हावं लागतं. त्यासाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेट (इस्ट्रोजेन हार्मोनची गोळी) सुरू करतात, बहुतेकदा २ मिग्रॅची गोळी दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी सोनोग्राफीत अस्तर ७ मिमी किंवा जास्त आणि तीन रेषांचं दिसलं, की प्रोजेस्टेरॉन (गर्भ रुजायला आणि टिकायला लागणारं हार्मोन) सुरू होतं.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. प्रोजेस्टेरॉन सुरू झाल्यावर अस्तराची जाडी फारशी वाढत नाही. ते गर्भ रुजवण्याच्या तयारीला लागतं. पाच दिवसांचा गर्भ साधारणपणे प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात. म्हणजे सांगितलेल्या रात्रीऐवजी दुसऱ्या सकाळी पहिला डोस घेतला, तर सगळा हिशोब सरकतो. असं झालं तर गप्प बसू नका, क्लिनिकला लगेच कळवा; ट्रान्सफरची वेळ बदलता येते. इस्ट्रॅडिओलची गोळी चुकली तरी पुढच्या वेळी आपल्या मनाने दोन घेऊ नका, विचारून घ्या.

आठव्या दिवशी ५ मिमी दिसलं म्हणून धीर सोडायचं कारण नाही. प्रोजेस्टेरॉन सुरू होईपर्यंत इस्ट्रोजेनचे दिवस वाढवता येतात. जाडी दोन्ही बाहेरच्या कडांपर्यंत, सगळ्यात जाड जागी मोजतात आणि आत पाणी असेल तर ते वगळतात. त्यामुळे एका सेंटरचं ६.९ आणि दुसऱ्याचं ७.२ यात रडण्यासारखं काही नाही.

दोन-तीन सायकल गोळ्या बदलूनही अस्तर ५-६ मिमीवरच अडत असेल, तर मूळ शोधा. क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली होती का? पिशवी आतून चिकटली असण्याची शक्यता असते. खालचा थर, ज्यातून अस्तर पुन्हा उगवतं, तोच खरवडला गेला असेल तर इस्ट्रोजेन कितीही दिलं तरी काम कुणावर करणार? आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तो औषधांनी बरा झाला तरी अस्तराचं झालेलं नुकसान राहू शकतं. हिस्टेरोस्कोपीत (दुर्बिणीने पिशवी आतून पाहण्यात) चिकटलेला भाग दिसतो आणि बऱ्याचदा सोडवताही येतो. अंडी वाढवण्यासाठी क्लोमिफेन चालू असेल तर तेही अस्तर पातळ करतं. त्याच कामाच्या लेट्रोझोलचा हा त्रास कमी.

बीट-डाळिंब खुशाल खा, पण त्याने मिलिमीटर वाढत नाहीत. सिल्डेनाफिल (रक्तप्रवाह वाढवणारं औषध) मात्र मेडिकलमधून स्वतः आणू नका. त्याचा आणि पीआरपीचा (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग पिशवीत सोडण्याचा) पुरावा अजून कच्चा आहे, शिवाय हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल धोक्याचं. पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल किंवा डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठत असेल, तर इस्ट्रोजेन सुरू होण्याआधीच सांगा. एकाच पायाला सूज-दुखणं किंवा अचानक धाप लागली, तर लगेच इमर्जन्सीत जा.

शेवटची चूक टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावरची: आनंदात गोळ्या बंद करणं. गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये अंडं फुटलेलं नसतं, त्यामुळे शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. वार (प्लॅसेंटा) ते काम हाती घेईपर्यंत, साधारण दहा-बारा आठवड्यांपर्यंत, सगळा आधार औषधांचाच असतो. डाग दिसला तरी डोस थांबवू नका, फोन करा.