आयर्लंड लहान आहे, पण घाईत उरकत नाही: सहलीतल्या या चुका टाळा

नकाशात आयर्लंड पाहिलं की वाटतं, चार दिवसांत सगळं होईल. डब्लिन ते गॉलवे मोटरवेने अडीच तास, म्हणजे देशाची रुंदी सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत पार! मग यादी वाढत जाते: एका दिवसात क्लिफ्स ऑफ मोहेरचे समुद्रकडे, बरेनचं चुनखडीचं पठार, गॉलवे आणि रात्री पुन्हा डब्लिन. प्रत्यक्षात मोटरवे संपला की अरुंद रस्ते सुरू होतात. दोन्ही बाजूंना दगडी बांध नाहीतर झुडपांची कुंपणं, समोर ट्रॅक्टर, आणि वळणावर टुरिस्ट बस आली की गाडी मागे घ्यावी लागते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, हा दिलासा आहे. पण मॅप जो वेळ दाखवतो त्यात या रस्त्यांवर निदान पाव भाग जास्त धरा.

बाकीच्या बहुतेक चुकाही याच घाईतून होतात. इथली उत्तम ठिकाणं आपल्या सोयीने चालत नाहीत. कुठे गाइडच्या फेऱ्यांना मोजक्या जागा असतात, कुठे समुद्र शांत असावा लागतो, कुठे उजेड लागतो. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठरवा आणि त्याच्याभोवती जमेल ते बघा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

न्यूग्रेंजला थेट जाऊन उभं राहणं

ही चूक सतत होते. न्यूग्रेंज ही इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधलेली समाधी आहे, गिझाच्या पिरॅमिडहूनही जुनी. लोक जीपीएसमध्ये 'न्यूग्रेंज' टाकतात आणि बॉइन नदीच्या उत्तरेला, टेकडीच्या बंद फाटकापाशी पोचतात. तिथे तिकीट मिळत नाही. प्रवेश नदीच्या दक्षिणेकडच्या 'ब्रू ना बॉन्या व्हिजिटर सेंटर'मधून आहे. तिथून शटल बस नेते. म्हणून पत्ता टाकायचा तो या सेंटरचा, डोनोर गावाजवळचा.

दुसरी चूक तिकिटाची. ते ठरावीक वेळेचं असतं आणि उन्हाळ्यात आधीच संपतं. प्रकारही एकाहून जास्त आहेत, तेव्हा आतल्या खोलीत प्रवेश आहे ना, हे वाचूनच पैसे भरा. आत सुमारे १९ मीटरचा चिंचोळा मार्ग आहे. जुन्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात शिरावं तसं वाकून, अंग चोरून जावं लागतं. ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांनी आधी विचार करावा. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते चांगलंच आहे, कारण गाइड दिवे मालवून एक किरण दाखवते तेव्हा हातात फोन नसलेलाच बरा. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसांत पहाटेचा सूर्य दारावरच्या झरोक्यातून थेट आतपर्यंत येतो. १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मायकल ओ'केली यांनी ते स्वतः आत उभं राहून पाहिलं. त्या सकाळी आत जाण्यासाठी मात्र सोडत असते, त्यामुळे तिच्या भरवशावर डिसेंबरचं विमान ठरवू नका.

तिकीट मिळालंच नाही तर? याच परिसरातल्या नाउथची फेरी शिल्लक आहे का ते बघा. तिथल्या समाधीच्या मार्गात जाता येत नाही, पण पायथ्याच्या दगडांवरचं कोरीव काम इतकं भरघोस आहे की मला न्यूग्रेंजइतकंच महत्त्वाचं वाटतं. तेही नाही जमलं तर प्राचीन आयरिश राजांची तारा टेकडी मोकळी आहे, आणि लॉक्रूच्या टेकडीवर थोडी दमछाक करून चढलात तर तिथेही तितक्याच प्राचीन समाध्या बाहेरून पाहायला मिळतात.

किलमेनम जेल 'डब्लिनला पोचलो की बघू'

१७९६ ते १९२४ या काळात वापरात असलेला हा तुरुंग. १९१६ च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावानंतर त्या मे महिन्यात १४ नेत्यांना याच्या अंगणात गोळ्या घालण्यात आल्या. मराठी माणसाने इथे यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. डब्लिनमध्ये उठाव झाला त्याच १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, आणि 'होमरूल' ही मागणी आधी आयरिश लोकांनी गाजवलेली होती. दोन्हीकडचा शत्रू एक, मार्ग वेगळे. हे डोक्यात ठेवून त्या कोठड्यांसमोरून चाललं की गाइडचं प्रत्येक वाक्य जवळचं वाटतं.

पण इथे गाइडशिवाय प्रवेश नाही आणि तिकिटं भराभर संपतात. ऑनलाइन विक्री साधारण चार आठवडे आधी उघडते. तारीख ठरली की लगेच घ्या. हुकलंच तर त्या दिवशी सकाळी साइट उघडून बसा, रद्द झालेल्या जागा तेव्हा पुन्हा येतात. तरीही नाही मिळालं, तर कॉलिन्स बॅरॅक्समधलं राष्ट्रीय संग्रहालय बघा आणि त्याच्या मागेच आर्बर हिलला जा. त्या १४ नेत्यांचं दफन तिथे आहे. दोन्हीकडे प्रवेश मोफत.

कार्ड घेतलं म्हणजे सगळं मिळालं, हा समज

सरकारी वास्तूंच्या प्रवेशासाठी ओपीडब्ल्यूचं (या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं) हेरिटेज कार्ड मिळतं. किलमेनम, ब्रू ना बॉन्या, रॉक ऑफ कॅशेल, क्लोनमॅकनॉइज, किल्केनी किल्ला अशी ठिकाणं त्यात येतात, त्यामुळे चार-पाच ठिकाणं करणाऱ्यांना ते परवडतं. पण क्लिफ्स ऑफ मोहेर, ब्लार्नीचा किल्ला किंवा ट्रिनिटी कॉलेजातलं 'बुक ऑफ केल्स' त्यात नाही. आणि कार्ड म्हणजे आरक्षण नव्हे. किलमेनमची वेळ कार्ड असूनही आधी बुक करावीच लागते.

'बुक ऑफ केल्स'बद्दल अपेक्षा ठीक ठेवा. सन ८०० च्या आसपासचं हे हस्तलिखित काचेखाली उघड्या पानांपुरतंच दिसतं. वरच्या लाँग रूमचे फोटो पाहून जाणाऱ्यांची निराशा होते, कारण जतनाच्या मोठ्या कामासाठी तिथल्या दोन लाख पुस्तकांपैकी बहुतेक उतरवलेली आहेत. पैसे वाचवायचे असतील तर डब्लिन किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी मोफत आहे. तिथल्या संग्रहात मुघल लघुचित्रंही आहेत, आणि आपल्याकडचे पाहुणे त्याच्यासमोर जास्त वेळ रमतात. किल्डेअर स्ट्रीटवरचं पुरातत्त्व संग्रहालयही मोफत. तारा ब्रोच (जडावाची पिन) आणि आर्डा चॅलिस (चर्चमधला चषक) बघून बहुतेक जण निघतात. पीट दलदलीत सापडलेली लोहयुगीन माणसं तशीच राहून जातात. क्लोनीकॅव्हन मॅनचे केस अजून डोक्यावर आहेत! रविवारी आणि सोमवारी राष्ट्रीय संग्रहालयं दुपारी उघडतात, तेव्हा सकाळचा बेत त्यांच्यावर बांधू नका.

कड्यावर छत्री

क्लिफ्स ऑफ मोहेर समुद्रापासून २१४ मीटरपर्यंत उंच आहेत आणि वारा थेट अटलांटिकवरून येतो. छत्री पहिल्या झोतात उलटते. टोपीचं जलरोधक जॅकेट, आत एक लोकरीचा स्वेटर, पायात पकड असलेले बूट, जुलैतसुद्धा. डब्लिनच्या बसेस दुपारी येतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, मग घाई कशाला? डिसेंबरमध्ये मात्र चारनंतर अंधार पडतो. धुकं असेल तर लगेच परतू नका, व्हिजिटर सेंटरमध्ये तासभर थांबा. ते अनेकदा उठतं.

कुंपणापलीकडे जाऊन सेल्फी काढणं, याला चूक म्हणणंही कमी पडेल. कडा खालून पोखरलेला असतो आणि वरचं गवत ते सांगत नाही. पायवाटेचा एखादा भाग बंद असल्याचा फलक दिसला तर तो पाळा. अरान बेटांवरच्या डून एंगस या प्राचीन दगडी किल्ल्याला तर सुमारे १०० मीटरच्या कड्याला कुंपणच नाही. तिथे मुलांचा हात सोडू नका. काही झालं तर ११२ लावून कोस्ट गार्ड मागा.

स्केलिग मायकल शेवटच्या दिवशी ठेवणं

केरीच्या किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटरवरचा हा खडक, त्यावर मध्ययुगीन भिक्षूंच्या दगडी कुट्या. बोटी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतच बेटावर उतरवतात, रोजची माणसं मोजकी असतात आणि समुद्र खवळला की फेरी रद्द होते. तेही त्याच दिवशी सकाळी कळतं. म्हणून पोर्टमॅगीच्या परिसरात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि बोट पहिल्या दिवसाची घ्या. बुक करताना 'लँडिंग' की 'इको' हे पाहा; इको फेरी बेटाला वळसा घालून परत येते. वर जायला ६१८ उभ्या दगडी पायऱ्या आहेत. कठडा नाही, शौचालय नाही, आडोसा नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी इको फेरीच योग्य. पफिन पक्षी बघायचे असतील तर ऑगस्ट सुरू होण्याआधी जा. फेरी रद्द झाली तर पुलावरून व्हॅलेंशिया बेटावर जा; तिथे खडकात सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या चौपायी प्राण्याच्या पाऊलखुणा आहेत.

जायंट्स कॉजवे आणि व्हिसा

ही चूक सर्वांत महागात पडू शकते. सुमारे ४०,००० बेसॉल्ट स्तंभांचा हा किनारा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे. सीमेवर फाटक नाही, पासपोर्ट कोणी मागत नाही, म्हणून अनेक जण सरळ जातात. कायद्याने मात्र भारतीय पासपोर्टवर वैध परवानगी लागतेच. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या अल्पमुदतीच्या आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तर त्यांना चालतं. गंमत अशी की डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला, आयआरपी (आयर्लंडमधल्या वास्तव्याच्या परवान्याचं) कार्ड असूनही, वेगळा यूके व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा इथे कुठेच उपयोगाचा नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही.

भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेणार असाल तर कंपनीला आधी सांगा आणि विमा विचारून घ्या. तिकडे पौंड चालतात, फलक मैलांत असतात. कॉजवेच्या दगडांवर फिरायला पैसे पडत नाहीत, पार्किंग आणि व्हिजिटर सेंटरचे पडतात. स्तंभांच्या फटीत नाणं खोचू नका: ते गंजून फुगतं आणि दगड फोडतं. परतताना डब्लिनला वळसा घालणाऱ्या एम-५० मोटरवेवर टोलनाका दिसणार नाही, तरी टोल लागतोच. तो दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. गाडी भाड्याची असेल तर तो कोण भरणार, हे गाडी घेतानाच विचारून ठेवा.