स्लीपमधून उठताना पीसी कोलमडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

दिवसभर नीट चालणारा पीसी स्लीपमधून उठतानाच मान टाकत असेल, तर दुकानातला पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारू. घाई करू नका. दोष ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम किंवा बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) असेल तर नव्या विंडोजवरही तेच होणार, आणि बॅकअपचा उपद्व्याप फुकट. खालचे टप्पे विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

१. नेमकं काय होतं ते बघा

स्क्रीन काळी राहिली की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त चित्र येत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परतलं तर पहिला संशय ग्राफिक्सवर घ्या. दिवा ढिम्म असेल तर मशीन गोठलंय.

निळी स्क्रीन आली तर मोबाइलने फोटो काढा. तिच्यावर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल तर झोपताना किंवा उठताना एखादा ड्रायव्हर अडकून बसला, असं समजा.

२. नोंदी वाचा

स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, मग विंडोज लॉग्ज, मग सिस्टम. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की बरेच जण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. वड्याचं तेल वांग्यावर! ४१ चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून मशीन बंद केलंत तरी ती पडते, आणि तिच्यावरची वेळ पुन्हा सुरू झाल्याची असते.

कामाच्या नोंदी तिच्या आधीच्या. कर्नल-पॉवर ४२ म्हणजे मशीन झोपायला निघालं. पॉवर-ट्रबलशूटर १ म्हणजे ते उठलं. झोपल्याची आणि उठल्याची वेळ तिच्यातच मिळते. ४२ नंतर मध्ये १ न येता थेट ४१ असेल, तर मशीन धड उठलंच नाही. मध्ये १ असेल, तर उठून मग कोसळलं.

३. स्लीप आणि हायबरनेट वेगवेगळं करून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो. नेहमीच्या स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये तेच डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. कामं सेव्ह करून दोन्ही आलटून पालटून करा. पॉवर मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये त्यावर टिक करा.

हायबरनेट ठीक आणि फक्त स्लीप बिघडत असेल, तर रॅम, बायोस आणि डेस्कटॉप असल्यास पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा. दोन्ही बिघडत असतील तर ड्रायव्हर.

एक खोच आहे. पुष्कळ मशिन्स काही तास झोपल्यावर आपोआप हायबरनेटमध्ये जातात. ‘पाच मिनिटांनी उठतो, पण सकाळी उठत नाही’ ही तक्रार असेल तर दुखणं हायबरनेटचं असू शकतं. शिवाय नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनं स्लीप नसतंच. तिथे मॉडर्न स्टँडबाय असतं, त्यात मशीन पूर्ण झोपत नाही. अशा लॅपटॉपवर ड्रायव्हरपासूनच सुरुवात करा.

४. ड्रायव्हर

डॉक, प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळं काढून एकदा झोपवून उठवा. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा, त्यानंतर वायफाय आणि ब्लूटूथचा. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर परत जा. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची टिक काढा.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट. शटडाउन नको: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्येही विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो, ड्रायव्हर पहिल्यापासून सुरू होत नाहीत.

५. रॅम आणि बायोस

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर बंद करून बघा. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून स्लीप तपासा. बायोस अपडेट उपलब्ध असेल तर करा, पण लॅपटॉप चार्जरला लावून. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या दिवशी अजिबात नको.

एवढ्यावरही भागलं नाही तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) मशीन चालू करून तिथे झोपवा. तिथे ते नीट उठलं तर विंडोजची बाजू संशयित. तिथेही कोसळलं तर हार्डवेअर किंवा बायोस. दुकानात न्यायचं झालंच, तर निळ्या स्क्रीनचा फोटो, नोंदींच्या वेळा, स्लीप-हायबरनेटचा निकाल आणि विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ फोल्डरची (निळ्या स्क्रीनच्या वेळच्या नोंदी त्यात असतात) कॉपी सोबत द्या.