काम न करता परदेशात लांब मुक्काम : व्हिसा कसा निवडायचा

लांब मुक्कामाचा विचार करताना बहुतेक जण आधी देश ठरवतात आणि मग व्हिसा शोधतात. उलट करा. किती दिवस राहायचंय ते आधी ठरवा, मग पैसा कुठून येणार ते लिहून काढा. या दोन उत्तरांनीच बरेच देश यादीतून गळतात आणि उरलेल्यांचे नियम सावकाश वाचता येतात.

दिवसांच्या बाबतीत पहिली गल्लत होते ती व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत एकच समजण्यात. व्हिसावरची तारीख दारापर्यंत येण्याची परवानगी सांगते. आत किती राहायचं हे वेगळं ठरतं. अमेरिकेचा बी-२ हा पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत प्रवेशाच्या ठिकाणचा अधिकारी देतो, साधारण सहा महिने, आणि ती आय-९४ नावाच्या नोंदीत दिसते. उतरल्यावर ती नोंद ऑनलाइन उघडून तारीख तपासा, कारण चूक तुमची नसली तरी निस्तरायची तुम्हालाच. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला मुक्काम सहा महिन्यांचाच. शिवाय सहा महिने राहून, पंधरा दिवस बाहेर जाऊन परत आलात, तर ‘हा इथेच घर करून राहतोय’ या कारणाने अधिकारी परत पाठवू शकतो.

शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, हिशेब सगळ्यात जास्त चुकतो. नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. हे १८० दिवस कॅलेंडरच्या सहामाहीचे नसतात. रोज आजच्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आत काढलेले दिवस ९० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरला जातो. उदाहरणार्थ, १ मार्चला आत गेलात आणि सलग राहिलात, तर नव्वदावा दिवस २९ मे. त्यानंतर पुन्हा पाय ठेवता येईल तो २८ ऑगस्टला, तोही व्हिसा तेव्हा चालू असेल तर. २९ देश मिळून हिशेब एकच, त्यामुळे फ्रान्समधून इटलीत गेल्याने मोजणी नव्याने सुरू होत नाही. यापेक्षा जास्त राहायचं असेल तर त्या त्या देशाचा ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसाच लागतो.

सहा ते बारा महिन्यांची निवांत भटकंती हवी असेल, तर साधा व्हिजिटर व्हिसाही पुरू शकतो. ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ६०० तीन, सहा किंवा बारा महिन्यांचा मुक्काम देतो. मंजुरीपत्रात ८५०३ ही अट आहे का ते बघा. ती असेल तर तिथे राहून मुदतवाढ जवळजवळ अशक्य. न्यूझीलंडमध्ये १८ महिन्यांत ९ महिन्यांपर्यंत राहता येतं आणि दरमहा १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. कॅनडात सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ‘व्हिजिटर रेकॉर्ड’साठी, म्हणजे मुक्काम वाढवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो, तो मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी करावा.

मुलं परदेशात स्थायिक असतील तर आईवडिलांसाठी वेगळी सोय असते आणि ती नेहमीच्या व्हिजिटर व्हिसापेक्षा कितीतरी चांगली. कॅनडाचा सुपर व्हिसा एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो. त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. न्यूझीलंडने २९ सप्टेंबर २०२५ पासून पेरेंट बूस्ट व्हिसा सुरू केला आहे, तो पाच वर्षांचा.

आता ‘काम’ या शब्दाकडे. पगार परदेशातून येतोय आणि मी फक्त लॅपटॉप उघडतोय, हे काम नाही असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. स्पेनच्या नॉन-लुक्रेटिव्ह, म्हणजे कमाई न करता राहण्याच्या, व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून आणि न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटरना दूरस्थ कामाची मुभा दिली, पण ब्रिटनमध्ये ते भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. राहणं-जेवण मिळण्याच्या बदल्यात शेतावर किंवा हॉस्टेलवर कामाला हातभार लावणं हेही अनेक देशांत कामच धरतात, रोख पैसा मिळो न मिळो. रोज कॉलवर बसायचं असेल तर सरळ डिजिटल नोमॅड, म्हणजे दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा, व्हिसा काढा. ‘काम करणार नाही’ असं लिहून देऊन मागून नोकरीचं पत्र जोडणारे अर्ज तिथेच अडकतात.

वर्षभर किंवा जास्त राहायचं तर युरोपात चार रस्ते नेहमी समोर येतात. स्पेनच्या त्याच नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसासाठी मुख्य अर्जदाराला ‘आयप्रेम’ या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के रक्कम दाखवावी लागते. निर्देशांक महिना ६०० युरो, म्हणजे महिना २,४००, वर्षाला २८,८००. सोबतच्या प्रत्येकामागे आणखी ७,२००. पहिला परवाना एक वर्षाचा, मग दोन-दोन वर्षांचं नूतनीकरण. इटलीच्या इलेक्टिव्ह रेसिडेन्स व्हिसासाठी एकट्याला वर्षाला साधारण ३१,००० युरो उत्पन्न लागतं आणि ते पेन्शन, भाडं, लाभांश असं आपोआप येणारं हवं. बँकेत भली मोठी शिल्लक असली तरी तेवढ्यावर इटली बधत नाही, स्पेन मात्र शिल्लक चालवून घेतं. पोर्तुगालचा डी-७ हा स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांचा व्हिसा तिथल्या किमान वेतनाला बांधलेला आहे. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं, मुलासाठी ३० टक्के. आकडा लहान दिसतो म्हणून गर्दी तिकडे आहे, आणि गर्दी आहे म्हणून नंतरच्या निवास परवान्याला वेळ लागतो. फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा व्हिजिटर व्हिसा आमच्या मते सर्वांत सरळ : पैसा साधारण फ्रेंच किमान वेतनाइतका, राहण्याचा पत्ता, विमा आणि फ्रान्समध्ये काम करणार नाही असं सहीचं पत्र.

आशियात थायलंडचा निवृत्तीचा रस्ता पन्नाशीनंतरचा : बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न. पन्नाशीच्या आतल्यांसाठी जुलै २०२४ मध्ये आलेला डीटीव्ही व्हिसा पाहा. तो पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवसांचा, आणि त्यासाठी ५ लाख बाट शिल्लक लागते. पण नुसतं ‘राहायचंय’ एवढं कारण त्याला पुरत नाही, मुए थाई (थाई मुष्टियुद्ध) किंवा स्वयंपाकाच्या वर्गासारखा ठोस कार्यक्रम जोडावा लागतो. मलेशियाचा लांब मुक्कामाचा ‘माय सेकंड होम’ व्हिसा २०२४ च्या बदलानंतरही महागच आहे. सिल्व्हर श्रेणीलाच दीड लाख अमेरिकन डॉलरची ठेव आणि वर घर विकत घ्यायची अट. मध्य अमेरिकेत पनामा महिना १,००० डॉलरच्या आजन्म पेन्शनवर निवास देतो, त्यामुळे छोट्या पण खात्रीच्या पेन्शनवाल्यांना तो परवडतो.

अर्ज नाकारला जातो तो बहुधा पैसा कमी म्हणून नाही, पैशाची गोष्ट जुळत नाही म्हणून. अर्जाच्या आधीच्या महिन्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली की अधिकारी ती उसनी समजतो. ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती, घर विकलं असेल तर विक्रीचा दस्त जोडा. किमान सहा महिन्यांची स्टेटमेंट द्या आणि भाड्याचा करार, खात्यात जमा होणारं भाडं आणि आयकर विवरणातलं भाडं हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळवून घ्या.

कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं. पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय दाखला बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून ते शेवटी काढा. लग्नाचा आणि जन्माचा दाखला आधी. दाखल्यावर आधी अपॉस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, घ्या, मग भाषांतर करा. उलट केलंत तर अपॉस्टिलचा शिक्का भाषांतरात येत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. स्पेनला शपथबद्ध भाषांतरकाराचंच भाषांतर लागतं. नाव, आडनावाचा क्रम, जन्मतारीख ही पासपोर्टप्रमाणे सगळीकडे एक आहे का ते अक्षर न् अक्षर तपासा.

विम्यात घसरण्याची जागा ठरलेली आहे. शेंगेनच्या छोट्या व्हिसाला ३०,००० युरोचा प्रवास विमा पुरतो. स्पेनच्या लांब व्हिसाला तो चालत नाही. तिथे काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा पूर्ण आरोग्य विमा हवा, ज्यात उपचारावेळी आपल्या खिशातून वाटा भरावा लागत नाही.

व्हिसा हातात आला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पोहोचल्यावरची मुदत चुकवतात. इटलीत आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्ज पोस्टातून द्यायचा. स्पेनमध्ये महिन्याभरात ओळखपत्रासाठी अर्ज. फ्रान्समध्ये तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन प्रमाणित करायचा, नाहीतर मुक्काम बेकायदा ठरतो. थायलंडमध्ये सलग राहणाऱ्याने दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि मुदतवाढीवर असताना चार दिवस जरी बाहेर जायचं झालं तरी निघण्याआधी री-एन्ट्री परमिट (परत येण्याची परवानगी) घ्यायचं. ते न घेता निघालात तर वर्षभराची परवानगी विमान सुटताच रद्द.

मुदत ओलांडण्याचा दंड देशागणिक बदलतो. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट. अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं.

एक गोष्ट व्हिसाच्या फॉर्मवर कुठेच विचारत नाहीत, ती म्हणजे कर. स्पेनमध्ये कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी होता आणि जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब तिथे द्यावा लागतो. वर्षाच्या उत्तरार्धात, जुलैच्या मध्यानंतर पोहोचलात, तर पहिलं कॅलेंडर वर्ष या मोजणीतून सुटतं. म्हणून तिकिटाची तारीख ठरवण्याआधी एकदा करसल्लागाराला फोन करा.