शिकागोत घर बघताना हृदयाचाही विचार करा

शिकागोत नवीन आलेली आपली मंडळी घर शोधायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘एरिया सेफ आहे ना?’ लगेच कुणीतरी सांगतं, ‘साउथ साइडला बघूच नका.’ तेवढ्यावर विषय संपतो. तो तिथे संपू नये, असं मला फार वाटतं.

डाउनटाऊनजवळच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षं आणि तिथून पंधराएक किलोमीटरवरच्या, साउथ साइडच्या एंगलवूडमध्ये सुमारे ६०, असं न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं. कारणं अनेक आहेत, पण हृदयविकार त्यातलं मोठं. एंगलवूडमध्ये मुख्यतः कृष्णवर्णीय राहतात. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे घरकर्ज मिळणं मुश्कील झालं. १९६८च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवला, पण वस्त्यांची विभागणी तशीच राहिली आणि अशा भागांतून पैसा, दुकानं निघून जात राहिली. एंगलवूडमध्ये २०१६ला होल फूड्स हे मोठं किराणा दुकान उघडलं, २०२२ला बंद झालं. ताजी भाजी लांब, संध्याकाळी बाहेर पडायची धास्ती, वर पैशांची ओढाताण. रक्तदाब वाढणार नाही तर काय? अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. ‘त्यांच्या सवयीच तशा’ म्हणणारे आपल्यातही भेटतील. त्यांच्या माना डोलावण्यात सामील होऊ नका.

आता आपलं. आपल्यातले बरेच जण नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांकडे वळतात. शाळा चांगल्या, घरं मोठी. तरीही आपल्याला धोका आहेच: अमेरिकेच्या २०१८च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. त्यात उपनगरातली राहणी. अपार्टमेंटच्या पार्किंगपाशी फुटपाथ संपतो, पुढे सहा पदरी रस्ता, आणि समोर दिसणाऱ्या दुकानातून दूध आणायलाही गाडी काढावी लागते. म्हणून लीजवर सही करण्याआधी त्या भागात पायी फिरून बघा. किराणा, बाग, ट्रेनचं स्टेशन चालत गाठता येतं का? जानेवारीत काय करणार, तेही विचारा. बऱ्याच गावांच्या पार्क डिस्ट्रिक्टकडे (बागा, व्यायामाच्या जागा सांभाळणारी स्थानिक संस्था) इमारतीच्या आत चालायचा ट्रॅक असतो.

विमा सुरू झाला की आजारी पडायची वाट न बघता फॅमिली डॉक्टर ठरवा. वार्षिक तपासणी बहुतेक विम्यांत मोफत असते. तिथे आई-वडील, काका-मामांना कितव्या वर्षी अटॅक आला ते स्वतःहून सांगा, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही. साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तर तपासाच. लायपोप्रोटीन-ए या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची चाचणी आयुष्यात एकदा तरी करून घ्या, त्याचं प्रमाण बव्हंशी आनुवंशिक असतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आशियाई लोकांची मधुमेहाची तपासणी २३ पासूनच सुचवलेली आहे.

आणि छातीत दुखलं, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर गॅस झालाय म्हणत ओवा खात बसू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, ९११ला फोन करा. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या बाबतीतही हेच. बिलाचं नंतर बघता येतं. १९८६च्या कायद्यामुळे विमा नाही म्हणून इमर्जन्सी विभाग तपासणी आणि तातडीचे उपचार नाकारू शकत नाही.